डिझेल थिजते तेव्हा : लडाखचा हिवाळा आणि मानकातील सहा अंश

मराठीत पाणी गोठते आणि तेल-तूप थिजते. हा भेद जुना आहे आणि तो शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे. पाणी हा एकच पदार्थ असल्याने ते एका ठरावीक तापमानाला घनरूप होते. तेल हे अनेक पदार्थांचे मिश्रण असते. त्यातला एखादा घटक आधी वेगळा होतो, तेल धुरकट दिसू लागते, मग दाट होते आणि शेवटी हलेनासे होते. डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला हा क्रम ठाऊक असतो. वर्तमानपत्रे ‘लडाखमध्ये डिझेल गोठले’ असे छापतात. अचूक शब्द ‘थिजले’ हाच. हा केवळ शब्दांचा कीस नाही, कारण डिझेल गोठत असते तर त्यावर चिमूटभर रसायनाचा इलाज चालला नसता.

१७ नोव्हेंबर २०१९ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे लडाखसाठी इंडियन ऑइलच्या हिवाळी डिझेलचे उद्घाटन केले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेल्या या इंधनाचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल ओतले जात नाही ते तापमान, उणे ३३ अंश सेल्सिअस होते. लेह, कारगिल, काझा, केलाँग या भागांत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो, हे कारण त्या वेळी देण्यात आले. केंद्रशासित प्रदेश म्हणून लडाखला तेव्हा जेमतेम अडीच आठवडे झाले होते, त्यामुळे बातमीकडे पाहिले गेले ते मुख्यतः राजकारणाच्या चष्म्यातून. विज्ञानाच्या इतिहासाला पडणारा प्रश्न निराळा आहे. थंडीत डिझेल का थिजते हे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ माहीत होते. त्यावरची रसायने निम्म्या शतकाहून जुनी होती. लेहला डिझेलवर चालणारे ट्रक जाऊ लागूनही दशके लोटली होती. लष्कराची व्यवस्था वेगळी असते, ती बाजूला ठेवू. पण सामान्य वाहनचालकाला पंपावर असे डिझेल मिळायला २०१९ का उजाडावे लागले?

उत्तराची सुरुवात डिझेलच्या घडणीपासून करावी लागते. डिझेलमध्ये शेकडो हायड्रोकार्बन असतात. त्यांतील सरळ साखळीचे रेणू, ज्यांना नॉर्मल पॅराफिन म्हणतात, तेच मेणबत्तीच्या मेणाचे धाकटे भाऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचे हेच तत्त्व होते. अशा प्रकारे सहज पेटण्याचा गुण सरळ साखळीच्या रेणूंत सर्वाधिक असतो. म्हणूनच डिझेलची प्रत मोजण्याचे परिमाण ठरवताना सोळा कार्बन आणि चौतीस हायड्रोजनांची सरळ साखळी असलेल्या ‘सीटेन’ या पदार्थाला १०० गुण देण्यात आले. डिझेलचा सीटेन क्रमांक सांगतात तो याच मोजपट्टीवर.

हा शंभर गुणांचा आदर्श पदार्थ १८ अंश सेल्सिअसला घट्ट होतो. पुण्याच्या जानेवारीतील पहाटसुद्धा त्याला पुरेशी थंड आहे. त्याच मोजपट्टीच्या खालच्या टोकाला आज जो पदार्थ वापरतात, त्यातही सोळाच कार्बन आणि चौतीसच हायड्रोजन असतात. फक्त साखळी सरळ नसून तिला जागोजाग फांद्या फुटलेल्या असतात. त्याला मिळतात अवघे १५ गुण. मात्र तो शून्याखाली खूप खोलवर द्रवच राहतो. सरळ रेणू काड्यापेटीतील काड्यांसारखे एकमेकांना चिकटून रचले जातात, फांद्यांचे रेणू तसे रचता येत नाहीत. उत्तम पेटणारे डिझेल लवकर थिजते आणि न थिजणारे डिझेल नीट पेटत नाही. शुद्धीकरण कारखान्याला प्रत्येक हंगामात या दोन टोकांच्या मधली जागा शोधावी लागते.

डिझेल थंड होत जाते तसे प्रथम सर्वांत लांब साखळीचे पॅराफिन स्फटिकरूपाने बाहेर पडतात आणि स्वच्छ पिवळसर तेल धुरकट होते. या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. स्फटिक पातळ, चौकटीच्या आकाराच्या पापुद्र्यांसारखे असतात. ते वाढतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. या जाळीच्या पोकळ्यांत उरलेले द्रव डिझेल कोंडले जाते. शंभरात एक-दोन भाग मेण बाहेर पडले तरी संपूर्ण टाकीतील इंधन जेलीसारखे दिसू शकते. उरलेले ९८ भाग द्रवच असतात, पण त्यांना वाट नसते. ट्रक मात्र त्याच्या आधीच बंद पडलेला असतो. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतील फिल्टरची छिद्रे काही मायक्रॉनची असतात आणि मेणाचे पापुद्रे त्यांवर थर धरतात. इंजिन सुरू होते, मिनिट-दोन मिनिटे चालते आणि इंधनाअभावी मरते. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी, अशी ही अवस्था.

यामुळे केवळ पोअर पॉइंट मोजणे पुरेसे नाही हे अभियंत्यांच्या लक्षात आले. १९६० च्या दशकात युरोपात एक सोपी चाचणी पुढे आली. डिझेलचा नमुना एकेक अंशाने थंड करत जायचा आणि प्रत्येक वेळी ४५ मायक्रॉनच्या तारेच्या जाळीतून हलक्या ओढीने २० मिलिलिटर तेल वर खेचायचे. ६० सेकंदांत तेवढे तेल आले नाही की ते तापमान नोंदवायचे. याला कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट, थोडक्यात सीएफपीपी, म्हणतात. चाचणी इतकी साधी आहे की महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही तिची ढोबळ नक्कल करता येईल. थंड प्रदेशातील चालकाच्या दृष्टीने डिझेलविषयीचा सर्वांत उपयोगी आकडा हाच.

येथे एका लोकप्रिय गोष्टीचा निकाल लावून टाकणे बरे. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन रणगाड्यांचे डिझेल गोठले आणि महायुद्धाचे पारडे फिरले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. जर्मनांचे पॅन्झर ३ आणि पॅन्झर ४ हे रणगाडे पेट्रोलवर चालत. पेट्रोलमधील रेणू लहान असतात, त्यात मेण नसते. जर्मनांनी इंजिनांखाली शेकोट्या पेटवल्या हे खरे, पण त्या दाट झालेल्या इंजिन ऑइलसाठी आणि धातू गरम करण्यासाठी. डिझेल इंजिन होते ते सोव्हिएत टी-३४ मध्ये, आणि थंडीत राहण्याची सवय असलेल्या त्या देशाला आपले इंधन कसे सांभाळायचे हे कळत होते. रशियन मानकात पुढे उन्हाळी, हिवाळी आणि ध्रुवीय असे डिझेलचे तीन स्वतंत्र वर्गच करण्यात आले.

रसायनाच्या उपायाची पहिली पायरी डिझेलच्या आधी वंगणतेलात सापडली. स्टँडर्ड ऑइलच्या संशोधकांनी क्लोरीनयुक्त मेण आणि नॅप्थलिन यांच्या संयोगातून एक पदार्थ बनवला. त्याचे अमेरिकी पेटंट १९३१ चे असून बाजारात तो ‘पॅराफ्लो’ या नावाने आला. मेण थिजू नये म्हणून मेणापासूनच बनवलेले औषध, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु त्यातच सगळी युक्ती आहे. रेणूचा मेणासारखा भाग वाढत्या स्फटिकात शिरून बसतो आणि न जुळणारा भाग बाहेर काट्यासारखा राहतो, त्यामुळे पुढचा थर नीट बसत नाही. डिझेलसाठी हेच काम १९६० च्या दशकापासून इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट यांच्या बहुवारिकाने केले. हा पदार्थ वाचकांच्या परिचयाचा आहे. चपलांच्या आणि व्यायामाच्या चटयांच्या फोममध्ये वापरतात तो ईव्हीए हाच, फक्त डिझेलसाठीचे त्याचे रेणू बरेच लहान ठेवलेले असतात. दहा लाख भाग डिझेलमध्ये काही शे भाग एवढी त्याची मात्रा पुरते.

या ॲडिटिव्हविषयी दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला असा की ते मेण विरघळवते. तसे काही होत नाही. मेण ठरलेल्या तापमानालाच बाहेर पडते, क्लाउड पॉइंट जवळपास तेथेच राहतो. बदलतो तो स्फटिकांचा आकार. मोठ्या पापुद्र्यांऐवजी बारीक, सुईसारखे असंख्य कण तयार होतात. ते एकमेकांत गुंतत नाहीत आणि फिल्टरवर बसले तरी त्यांच्यामधून तेल झिरपत राहते. इंजिन चालू झाले की परत येणाऱ्या गरम इंधनाने ते विरघळून जातात. दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. सकाळी गाडी सुरू होईना म्हणून थिजलेल्या टाकीत बाटली रिकामी करणारे अनेक असतात. स्फटिक एकदा घडल्यावर त्यांचा आकार बदलण्याची संधी गेलेली असते. ॲडिटिव्ह तेल कोमट आणि स्वच्छ असतानाच मिसळावे लागते. त्याची तुलना औषधाशी करण्यापेक्षा लशीशी करणे योग्य ठरेल.

भारतात मेणाचा त्रास पहिल्यांदा भेटला तो बर्फात नव्हे, उष्ण आणि दमट प्रदेशात. आसामातील दिग्बोई येथे १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तेव्हा तिथल्या मेणयुक्त तेलाचे कौतुकच होते. दिग्बोईचे पॅराफिन मेण हा विकाऊ माल होता. अडचण आली स्वातंत्र्यानंतर, नाहरकटियाचे तेल नळातून लांब नेण्याची वेळ आल्यावर. हे कच्चे तेल ३० अंशांच्या आसपासच हलेनासे होई. नळ मात्र जाणार होता आसामच्या हिवाळ्यातून, जमिनीखालून, प्रथम १९६२ मध्ये गुवाहाटीजवळच्या नूनमाटीपर्यंत आणि पुढे १९६४ मध्ये बिहारमधील बरौनीपर्यंत. एकूण १,१५७ किलोमीटर. ऑइल इंडियाने काढलेला मार्ग रसायनाचा नसून उष्णतेचा होता. तेल सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवायचे, सगळे मेण विरघळू द्यायचे आणि मग ठरावीक वेगाने, न ढवळता, थंड करायचे. अशा सावकाश थंड होण्यात तेलातील नैसर्गिक डांबरी घटकच स्फटिकांना अडवतात आणि मेणाची जाळी दुबळी बनते. पुढे हीच जबाबदारी ॲडिटिव्हकडे सोपवण्यात आली. तेलाच्या इतिहासातील हा प्रकल्प जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही हाच प्रश्न उभा राहिला. ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली तेल शोधले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरून नळ उरणपर्यंत आले. बॉम्बे हायचे तेल हलके आणि उत्तम प्रतीचे, परंतु मेणाने भरलेले. त्याचाही पोअर पॉइंट ३० अंशांच्या जवळ. समुद्रतळावरचे पाणी त्यापेक्षा थंड. वाहिनी बंद पडली तर आत मेणाचा खांब तयार होण्याची भीती, म्हणून प्रवाह सुधारणारी रसायने येथेही वापरावी लागली. देशातील दोन मोठी तेलक्षेत्रे मेणयुक्त निघाल्याने भारतीय रसायनशास्त्रज्ञांचा या विषयाशी संबंध जवळचा राहिला. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत, जी १९६० मध्ये स्थापन झाली, पोअर पॉइंट उतरवणाऱ्या रसायनांवर दीर्घकाळ संशोधन झाले. ज्ञानाची उणीव होती असे म्हणता येणार नाही.

मग अडले कोठे? याचे उत्तर भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४६० या दस्तऐवजात सापडते. देशात विकल्या जाणाऱ्या डिझेलची प्रत हे मानक ठरवते. त्यात थंडीविषयीच्या दोन ओळी आहेत. पोअर पॉइंट उन्हाळ्यात जास्तीत जास्त १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश. सीएफपीपी उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे सगळे आकडे शून्याच्या वर आहेत हे लक्षात घ्यावे. बीएस-६ इंधनासाठी २०१७ मध्ये सुधारलेल्या मानकात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपर्यंत खाली आणले गेले, पण थंडीच्या या आकड्यांना हात लागला नाही. युरोपच्या ईएन ५९० या मानकात समशीतोष्ण हवामानासाठी सहा वर्ग आहेत, अधिक ५ अंशांपासून उणे २० अंशांपर्यंत; अतिथंड प्रदेशांसाठी आणखी पाच, ते उणे ४४ अंशांपर्यंत पोचतात. प्रत्येक देशाने आपापल्या हवामानाप्रमाणे वर्ग निवडायचा. कन्याकुमारीपासून द्रासपर्यंत पसरलेल्या भारताला दोन ओळी पुरल्या.

या दोन ओळी चुकीच्या होत्या असे नाही. देशातील बहुतेक डिझेल जिथे जळते, तिथे हिवाळ्यातही पारा क्वचितच सहा अंशांखाली रेंगाळतो. डिझेलमधून मेण कमी करायचे तर तेलाचा जड भाग वगळावा लागतो, म्हणजेच त्याच कच्च्या तेलातून कमी डिझेल निघते. साऱ्या देशासाठी उणे ३० अंशांचे डिझेल बनवणे ही उधळपट्टी ठरली असती. दोष आहे तो एवढाच की एका मोठ्या देशाची सरासरी काढताना तिच्या कडेला राहणारे लोक हिशोबातून निसटले.

त्यात लडाखच्या रस्त्यांची विसंगती होती. साडेअकरा हजार फूट उंचीची झोजी ला ही खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई. अलीकडे ती महिनाभरच बंद राहते, पण पूर्वी हा काळ पाच-सहा महिन्यांचा असे. हिवाळाभर लागणारे धान्य, औषधे आणि इंधन उन्हाळ्यातच वर चढवून ठेवावे लागे. मानकाची ‘उन्हाळी’ ओळ मार्च ते ऑक्टोबर लागू होते, आणि खिंड उघडी असण्याचे महिनेही साधारण तेच. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर १५ अंशांना थिजण्याची मुभा असलेले इंधन ज्या महिन्यांत वर जाऊ शके, त्याच महिन्यांत उणे २५ अंशांच्या जानेवारीची बेगमी करायची असे. शिवाय पठाणकोट किंवा चंदीगडला टाकी भरून निघालेला ट्रक दोन-तीन दिवसांत लेहला पोचतो. त्याच्या टाकीत मैदानाचे हवामान असते.

याचा फटका केवळ ट्रकांना बसत नव्हता. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीझ ट्रक आणि १९५९ पासून जबलपूरचे लष्करी ‘शक्तिमान’ यांनी भारताची अवजड वाहतूक डिझेलवर नेली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने रस्ते वर नेले. त्या पाठोपाठ डिझेल जनित्रेही वर गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे लोकार्पण होईपर्यंत लेह देशाच्या वीजजाळ्याशी जोडलेले नव्हते. नद्या गोठल्या की जलविद्युत मंदावते, आणि नेमकी तेव्हाच विजेची गरज सर्वाधिक असते. अशा रात्री जनित्राच्या फिल्टरवर बसलेला मेणाचा थर म्हणजे दवाखान्यातला अंधार.

लोकांनी आपापले उपाय शोधले. टाकीखाली शेकोटी पेटवायची किंवा स्टोव्ह धरायचा. बॉनेटवर घोंगडी टाकायची. इंजिन रात्रभर चालूच ठेवायचे, म्हणजे धूर आणि इंधन दोन्ही वाया. उघड्या ज्वाळेजवळ इंधनाची टाकी, हे दृश्य हिमालयात इतके नित्याचे झाले होते की त्याचा धोका कोणाला जाणवेनासा झाला. सर्वांत प्रचलित उपाय मात्र रॉकेल मिसळण्याचा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो योग्यच आहे. रॉकेलचे रेणू डिझेलपेक्षा लहान असतात, त्यात लांब साखळीचे मेण नसते, आणि मिसळल्यावर मेण पातळ होते. थंड देशांतील कारखानेही हिवाळी डिझेल बनवताना रॉकेलच्या जातीचा अंश वापरतात. किंमत चुकवावी लागते ती इंजिनाला. रॉकेल पातळ आणि कोरडे असते, त्याचे वंगण कमी, त्यामुळे डिझेलवरच ज्याचे वंगण अवलंबून असते तो इंधन पंप झिजतो.

कायद्याच्या दृष्टीने तीच कृती गुन्हा होती. १९९३ च्या केंद्रीय आदेशाने रॉकेलचा वापर स्वयंपाक आणि दिव्यापुरता मर्यादित ठेवला होता आणि डिझेलमध्ये ते मिसळणे ही भेसळ. कारण उघड होते. शिधापत्रिकेवरील रॉकेल सरकारी अनुदानामुळे डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होते आणि त्या फरकावर मैदानी प्रदेशांत मोठा काळा धंदा उभा राहिला होता. महाराष्ट्राने त्याचे अत्यंत भीषण रूप पाहिले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळच्या पानेवाडी येथे इंधन भेसळीचा प्रकार रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मनमाडला ज्या मिश्रणापायी माणूस मारला गेला, तेच मिश्रण द्रासचा चालक सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून करत होता. कायद्याला या दोघांतला फरक ओळखण्याची सोय नव्हती, कारण मानकात द्रासचा हिवाळाच नव्हता. सामान्य ग्राहकासाठी हिवाळी डिझेल आणण्याचे खरे महत्त्व येथे दिसते. ते आल्यामुळे नागरिकाला कायद्याच्या आत राहून गाडी चालवता येऊ लागली.

उणे ३३ अंश गाठण्याचे मार्ग सर्वत्र तीनच आहेत आणि बहुधा ते एकत्र वापरले जातात. ऊर्ध्वपातनात जड भाग कमी घ्यायचा. उत्प्रेरकाच्या साहाय्याने सरळ साखळ्या तोडायच्या किंवा त्यांना फांद्या फोडायच्या. आणि शेवटी ॲडिटिव्ह घालायचे. पहिले दोन मार्ग मेण खरोखर कमी करतात, तिसरा उरलेल्या मेणाला शिस्त लावतो. ॲडिटिव्ह सर्वांत स्वस्त असले तरी एकटे ते इतका मोठा पल्ला गाठू शकत नाही. सर्वसाधारण डिझेलचा सीएफपीपी ते दहा-पंधरा अंशांनी उतरवू शकते, आणि तेही त्या तेलातील मेणाची जात त्याला मानवली तर. एका कारखान्याच्या डिझेलवर उत्तम चालणारे रसायन दुसऱ्याच्या डिझेलवर निष्प्रभ ठरते, याचे कारण हेच. भारी गाडीच्या मालकाने दुकानातून कोणतीही बाटली आणून भरवसा ठेवू नये.

उद्घाटनानंतर सहाच महिन्यांत पूर्व लडाखमधील परिस्थितीने या विषयाला निराळेच वजन आले. २०२० च्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि हिवाळ्यापूर्वी टी-७२ व टी-९० रणगाडे आणि बीएमपी-२ ही चिलखती वाहने तेथे तैनात झाली. या साऱ्यांची इंजिने डिझेलवर चालतात. त्या वर्षीच्या बातम्यांत तंबू, गरम कपडे आणि खाद्यपदार्थ यांच्या साठ्यांबरोबर थंडीत चालणाऱ्या इंधनाचाही उल्लेख येऊ लागला.

पुढचा पेच स्वयंपाकघरातून येतो आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले असून त्यासाठी वापरलेले खाद्यतेल गोळा करण्यावर भर आहे. भारतात तळणासाठी सर्वाधिक खपणाऱ्या तेलांत पामतेल येते. त्याच्या बायोडिझेलमधील एक प्रमुख घटक मिथाइल पामिटेट हा ३० अंशांना घट्ट होतो. मेणासारखाच सरळ, सीटेनसारखाच उत्तम पेटणारा. पॅराफिनसाठी घडवलेली ईव्हीए जातीची रसायने त्यावर फारशी चालत नाहीत, कारण त्याच्या रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजनचा गट असतो आणि त्याचे स्फटिक वेगळ्या रीतीने रचले जातात. फांद्या असलेले अल्कोहोल वापरून बनवलेली एस्टरे, थंड करून जड भाग गाळून टाकणे, हायड्रोजनच्या प्रक्रियेने तेलाचे थेट हायड्रोकार्बनमध्ये रूपांतर करणे, असे पर्याय अभ्यासले गेले आहेत. शेवटच्या मार्गाने डेहराडूनच्या संस्थेने विमानासाठी जैवइंधन तयार केले, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी वायुदलाचे एएन-३२ विमान त्याच्या १० टक्के मिश्रणावर लेहच्या धावपट्टीवरून उडाले. ट्रकच्या डिझेलसाठी हा मार्ग आजही महाग आहे.